स्वच्छमंडलावरील अतिक्रमण

८ डिसेंबर २०१४, सानगडी

काल एकोडी येथे श्वशुरगृही धानाची मळणी चालू असता प्रस्तुत लेखकाच्या उजव्या नेत्रात एका तुसाने विनापरवाना प्रवेश केला. यंत्राच्या तोंडाशी उभे राहण्याचे मला वस्तुतः काहीच प्रयोजन नव्हते. परंतु सारे घर राबत असता जावयाने खाटेवर बसून चहा प्राशन करावा, हे शोभत नाही. म्हणून मी पेंढ्या उचलून देण्याचा अभिनय करीत होतो. सासूबाईंनी पदराच्या टोकाने तूस काढले, फुंकर घातली आणि डोळा मोकळा झाल्याचे घोषित केले. डोळ्याला ती घोषणा मान्य नसावी. आज तो जास्वंदीच्या वर्णाचा झाला आहे.

उत्तरपत्रिका तपासणे अशक्य, सबब शाळेतून रजा. रिकामा विद्वान घरात उपद्रव करतो, असे माझी पत्नी कुंताबाई हिचे मत असल्याने तिने ही कोरी वही पुढे सरकवली. लिहिण्यास डोळा कमी लागतो, हाताला सवय असते.

भावी चरित्रकारांसाठी एक नोंद. माझा डावा डोळा बालपणापासून आळशी आहे. त्याला माणसे दिसतात, पण भिंगावाचून अक्षरे दिसत नाहीत. गेली पंचेचाळीस वर्षे वाचनाचा सर्व भार उजव्याने एकट्याने वाहिला. आमचे वडील तलावात जाळे टाकीत. धाकटा बंधू धनीराम आजही टाकतो. आमच्या घराण्यात संस्कृतची पहिली ओळ वाचली ती या एका डोळ्याने. तस्मात् त्याचे लाल होणे मला अप्रशस्त वाटते.

१० डिसेंबर

चौकातील औषधविक्रेता हा माझा माजी विद्यार्थी. संस्कृतात अनुत्तीर्ण, व्यापारात उत्तीर्ण. त्याने डोळ्याकडे पाहिलेही नाही; फळीवरून एक बाटली काढून दिली. "गुरुजी, हे टाका. दोन दिवसांत डोरा कोरा करकरीत."

१३ डिसेंबर

डोळा कोरा करकरीत. विद्यार्थ्याला पूर्वलक्षी प्रभावाने पाच गुण द्यावेत काय, या विचारात आहे. थेंब चालू ठेवले आहेत.

१९ डिसेंबर

गुणदान स्थगित. गेले तीन दिवस डोळ्यापुढे धुके आहे. मी ते मार्गशीर्षाच्या खात्यावर टाकले होते. परंतु धुके दुपारीही उठेना आणि डावा डोळा झाकल्याविना ते दिसेना. आज धनीराम मासे घेऊन आला. माझी हनुवटी धरून त्याने मुख उजेडाकडे वळवले, जसे तो रोहूचे कल्ले तपासतो.

"दादा, तुया बुबुळावर खवला चिकटल्यावानी पांढरं दिसून राहिलं."

"तो विद्वत्तेचा साका आहे," मी म्हणालो.

तो हसला नाही. कुंताकडे वळून म्हणाला, "वैनी, उद्याच नागपूरले न्या याले."

२० डिसेंबर

नागपूर. नेत्ररुग्णालयातील डॉक्टर हर्षा या वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील. अधिकाराने मात्र मुख्याध्यापिका. त्यांनी डोळा बधिर केला, पांढऱ्या डागावरून कणभर खरवड घेऊन काचपट्टीवर धाडली आणि दोन तासांनी आम्हा उभयतांस आत बोलावले.

"तुसासोबत बुरशी गेली होती, सर. धानाच्या हंगामात असे पेशंट रोज येतात. पण ही बाटली कोणी दिली?"

"अनुत्तीर्ण विद्यार्थ्याने."

"यात स्टेरॉइड आहे. त्यानं लाली दाबली, तुम्हाला बरं वाटलं, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळालं." मग त्या कुंताकडे वळल्या. "ताई, हे औषध यांच्या डोळ्यात पुन्हा एक थेंब जरी गेलं तरी डोळा हातचा जाईल. समजलं ना?"

कुंताने ती बाटली हातरुमालात अशी गुंडाळली, जणू विंचू. साकोलीच्या बसस्थानकावर उतरताच ती गटारात टाकली, नळावर हात धुतले, पुन्हा धुतले. मार्गात मी दोन विनोद केले. दोन्ही वाया गेले.

२४ डिसेंबर

नवे औषध बुरशीनाशक, दुधासारखे शुभ्र. दिवसा प्रत्येक तासाला एक थेंब. दुसरे साधे, कृत्रिम अश्रूंचे. बाटल्यांवरील मजकूर इंग्रजी आणि मुंगीच्या पावलांएवढा. तो मला दिसत नाही, सातवी उत्तीर्ण कुंतेला वाचता येत नाही. सबब मी मूळ कागद सोलून काढले आणि ठळक देवनागरीत नामकरण केले. शुभ्र ते 'क्षीरसागर'. अश्रू ते 'गंगोदक'. पाठांतर दोन मिनिटांत झाले. कुंता शाळेत आणखी चार इयत्ता राहती तर माझी नोकरी धोक्यात येती.

थेंब तीच घालते. मी खाटेवर शवासनात, दोन्ही नेत्र मिटून. ती बोटांनी पापणी उघडते, थेंब पडतो, पापणी मिटते. दिवसातून सोळा वेळा. विवाहानंतर तिने माझ्याकडे इतके निरखून कधी पाहिले नव्हते.

११ जानेवारी २०१५

विनोद न करता लिहितो, कारण कोणी वाचणार नाही. मला भीती वाटते. डाव्या डोळ्याने भिंगातून एक ओळ वाचण्यास पाच मिनिटे लागतात. दहावीचा वर्ग आठ विद्यार्थ्यांचा आहे आणि शाळा संस्कृत बंद करण्यास निमित्त शोधतेच आहे. पाठ असलेले श्लोक किती दिवस पुरतील? केवळ पाठ म्हणणारा मनुष्य म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. मला शिक्षक राहावयाचे आहे.

१३ फेब्रुवारी

बुरशी संपली, क्षीरसागर बंद. डॉक्टरांनी दिव्याच्या यंत्रातून पुष्कळ वेळ पाहिले आणि "छान" असे म्हणून पुढे "पण" म्हणाल्या. त्यानंतरचे ऐकण्यास कुंता खोलीत नव्हती, ती खाली औषधांच्या रांगेत होती.

बुबुळावरील पारदर्शक काचेला आपल्या भाषेत 'स्वच्छमंडल' म्हणतात. त्यात एकही रक्तवाहिनी नसते म्हणूनच ते स्वच्छ. जखमेला मदत धाडण्यासाठी शरीराने आता काठाकडून रक्तवाहिन्या आत सोडल्या आहेत. "शरीर चांगल्या हेतूनं करतं," डॉक्टर म्हणाल्या, "पण काचेत रक्त गेलं की काच काच राहत नाही. डाग आत्ता बाजूला आहे. या वाहिन्या मध्यापर्यंत आल्या तर नजर झाकली जाईल. मग नवी काच बसवली तरी या वाहिन्यांमुळे शरीर ती नाकारण्याची शक्यता फार."

म्हणजे अतिक्रमण. तेही शासकीय यंत्रणेकडून, लोककल्याणार्थ.

उपाय ऐकून मी आसनावर सावरून बसलो. स्टेरॉइडचे थेंब, दिवसातून चार वेळा.

"तेच?"

"तेच, सर. तेव्हा बुरशी जिवंत होती, आता नाही. आता हेच औषध वाहिन्यांना आवर घालेल. घरी थेंब ताई टाकतात ना? त्यांना हा फरक नीट समजावून सांगा. महत्त्वाचं आहे."

"अवश्य," मी म्हणालो. समजावून सांगणे हा माझा व्यवसायच आहे.

घरी येताच नामकरण. या बाटलीला एकच नाम संभवत होते: 'हलाहल'. अक्षरे विशेष सुबक आली. कुंता ती हातात धरून उभी राहिली.

"यावर जहराचं नाव काहून लिवलं जी?"

"कारण ते जहरच आहे, देवी. साकोलीच्या गटारात गेले म्हणून आनंदलो होतो; ते नवे वस्त्र नेसून परत आले. शंकराने कंठात धरले, आम्हाला नेत्रात धरावयाचे आहे."

"डाक्टरीणबाईनंच देल्लं का?"

"स्वहस्ते. देवांनी तरी दुसऱ्या कोणाच्या हस्ते दिले होते?"

ती बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिली. माझा विनोद तिच्या अंतःकरणात इतका उतरलेला मी प्रथमच पाहिला.

२१ फेब्रुवारी

हलाहलाने डोळ्याला चुणचुण होईल अशी पूर्वसूचना होती. काडीचीही होत नाही. अतिशय शीतल, जवळजवळ गंगोदकासारखे. माझ्या सहनशक्तीचे मला कौतुक वाटते.

गंगोदकाची दुसरी बाटली मात्र आठ दिवसांत संपली. मी म्हणालो, "कृत्रिम अश्रूंचा एवढा खप राजकारण्यांच्या घरीही नसेल." कुंता पाठमोरी भाजी चिरत होती. "डोरा कोरडा पडते," एवढेच म्हणाली.

२७ फेब्रुवारी

वाहिन्या पुढे सरकल्या आहेत. डॉक्टरांच्या कपाळाला आठी. दुसरा उपाय आजच केला: डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या पातळ त्वचेखाली सुई. औषध मूळचे आतड्याच्या कर्करोगाचे. शरीर रक्तवाहिन्यांना 'वाढा' म्हणून जो आदेश धाडते, तो आदेश हे मध्येच अडवते. सुई येताना दिसते, हे या विधीतील सर्वांत अनावश्यक अंग. मी मनात रघुवंश आरंभला. दुसऱ्या श्लोकापर्यंत सर्व आटोपले होते.

"थेंब चालूच ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही मिळूनच काम करतात. नुसती सुई पुरणार नाही."

मी हे कुंतेला बसमध्ये शब्दशः सांगितले. तिने मोबाईल काढून तारीख पाहिली, बोटांवर दिवस मोजले, मग म्हणाली, "नागपुरात दुसरा डाक्टर नसन का जी?"

"या डॉक्टरीणबाईंत न्यून काय?"

"काई नाई." मग खिडकीबाहेर पाहत, "लहान हायेत वयानं. चुकते माणूस."

स्त्रियांचा स्त्रियांवर विश्वास नसतो, असा एक सिद्धांत येथे मांडावासा वाटला. पुरावा अपुरा असल्याने राखून ठेवतो.

८ मार्च

भिंग आणि आरसा घेऊन डाव्या डोळ्याने उजव्याचे निरीक्षण केले. पाच लाल तंतू, काठापासून आत, टोकाशी फुटलेले. कालपर्यंत चार मोजले होते. कदाचित मोजण्यात चूक. आरसा ठेवून पुन्हा घेतला. पुन्हा पाच.

धनीरामास दाखवले. तो म्हणाला, "तलावाचा पाट फोडला का पाणी अशाच बोटाबोटानं धानाच्या बांधीत शिरते. पाट कुठं तरी उघडाच हाये दादा."

"सुई टोचली. थेंब चालू आहेत."

"मंग पाट कोन उघडा ठेवून राहिलं?"

कुंता आतून बाहेर येत होती, ती उंबऱ्यातूनच परत फिरली.

आज दहावीच्या आठ जणांना संस्कृतच्या पेपरापूर्वीचे शेवटचे भेटून आलो. एकीने पुस्तक पुढे करून संधीचा विग्रह विचारला. मी पुस्तक डोळ्यांजवळ नेले, थोडे दूर नेले आणि म्हणालो, "तूच मोठ्याने वाच, उच्चार ऐकू दे." उच्चार उत्तम होता. ती समजून गेली असे वाटते.

२० मार्च

मध्यापासून एका मिलिमीटरवर. तक्त्यावरील चौथी ओळ गेल्या महिन्यात दिसत होती, आज दुसरीपाशी थांबलो. डॉक्टरांनी डोळ्याच्या आतील दाब मोजला आणि खुर्ची मागे सरकवली.

"सर, पाच आठवडे स्टेरॉइड टाकल्यावर काही ना काही बदल दिसायला हवा. चांगला किंवा वाईट. इथं काहीच नाही. जणू औषध डोळ्यात गेलंच नाही."

"चार वेळा, नियमित. मी साक्षीदार आहे."

"डोळे मिटलेला साक्षीदार," त्या म्हणाल्या. या वाक्यावर मी हसलो; विनोद त्यांच्याकडून प्रथमच आला होता. "मंगळवारी घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन या. ताईंनाही आणा."

कुंता बाहेर बाकावर होती. मंगळवारचे सांगितले तेव्हा तिने केवळ "बरं" म्हटले. तीन थांबे गेल्यावर विचारले, "बाटल्या कायले पायजे?"

२४ मार्च

घडले तसे लिहितो.

डॉक्टरांनी टेबलावर बाटल्या मांडल्या. गंगोदकाच्या चार, तीन रिकाम्या. हलाहल एक. त्यांनी ती उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली होती. झाकणाचे सील फोडलेले होते, एवढेच.

"हे नाव कोणी लिहिलं?"

मी बोलण्यापूर्वी कुंता बोलली. "मीनं नाई टाकलं बाई. एकही डाव नाई. त्याच्या जागी पान्याचं टाकत होती." तिचे दोन्ही हात पदरात होते. "तुमीच म्हनलं होतं, एक थेंब गेला तरी डोरा जाईन. मंग यायनं त्यावर जहर लिवलं. मले वाटलं तुमच्या हातून चुकीनं तेच आलं, अन् यायले कळलं तरी मास्तर मानूस, डाक्टरच्या शब्दाबाहेर जाईना. मी कशी टाकू? माह्याच हातानं?"

डॉक्टर संतापल्या नाहीत. संतापत्या तर बरे झाले असते. "ताई, विचारायचं ना मला. पाच आठवडे गेले हो. हे पाच आठवडे आता मिळणार नाहीत." मग त्यांनी फरक समजावून सांगितला, बुरशी तेव्हा आणि आता, सोप्या शब्दांत, दीड मिनिटात. मी घड्याळ पाहत होतो. दीड मिनिट.

कुंता मान खाली घालून ऐकत राहिली आणि मी गप्प राहिलो. पंधरा शब्दांत तिची सुटका करता आली असती. सतत चालणारी माझी जिव्हा त्या खोलीत चालली नाही. हे लिहून ठेवतो.

बसमध्ये मी म्हणालो, "अगं, ती गंमत होती."

ती म्हणाली, "तुमी बोलता ते मी कधी खरं मानत नाई. चोवीस वर्सं झाली, घर चालते तसं. पन लिवता ते खरं मानते. तुमी खोटं कायले लिवान, असं वाटे."

२५ मार्च

बाटल्यांवरील कागद ओले करून काढले. नवे लावले नाहीत. लाल झाकण स्टेरॉइड, पांढरे झाकण अश्रू.

३ एप्रिल

दुसरी सुई काल झाली. स्टेरॉइडला खरोखरच चुणचुण होते.

कुंता प्रत्येक वेळी बाटली माझ्या हातात देते, झाकणाचा रंग मोठ्याने उच्चारते, माझ्याकडून तो वदवून घेते, मग पापणी उघडते. पहिला थेंब बहुधा गालावर पडतो. काल चौथ्या वेळेस तो कानात गेला. माझ्या जिभेवर एक उत्तम वाक्य तयार होते. मी ते गिळले. ते अद्यापि गळ्यात आहे.

१२ एप्रिल

झोप नाही. दिवसाही नाही. दर दोन तासांनी आरसा. तंतू फिके वाटतात, मग वाटते की भिंगच धूसर झाले. भिंग पुसले. धनीरामची पत्नी जिजा येऊन कुंतेजवळ बसली. आतून रडण्याचा आवाज आला, तो कुंतेचा होता. मी वहीचे हे पान उलटे धरले आहे हे आत्ता लक्षात आले.

३० एप्रिल

नागपूर. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ पाहिले. या वेळी "पण" आरंभीच आला.

"पण मी घाबरले होते, सर. थांबल्यात. बाहुलीच्या अगदी काठाशी. आतलं रक्त सुकलंय, नुसत्या रिकाम्या नळ्या उरल्यात, पांढऱ्या रेघांसारख्या. त्या राहतील, त्रास देणार नाहीत. नवी काच बसवायची घाई नाही. कदाचित गरजही नाही."

तक्त्यावर दुसरी ओळ पूर्ण, तिसरीतील पहिली दोन अक्षरे. फेब्रुवारीत चौथी होती.

"चौथी परत येईल?"

"तेवढी नाही वाटत. डाग मधल्या काळात थोडा आत सरकला. मोठ्या अक्षरांची पुस्तकं वाचाल, फळ्यावर लिहाल. बारीक टाइपाला भिंग लागेल."

मी म्हणालो, "डॉक्टर, आपण मला समजावून सांगण्यास सांगितले होते. मी सांगितले नाही. बाटलीवर विनोद लिहिला. यांचा दोष नाही."

"मला माहीत होतं," त्या कागद भरता भरता म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी सांगाल असं वाटलं होतं."

भंडारा मागे पडल्यावर कुंता माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "त्या दोन ओळी माह्यामुळं गेल्या ना जी?"

"नाही. माझ्यामुळे."

तिने माझ्या मुखाकडे पाहिले, जसे ती चोवीस वर्षे पाहत आली आहे. कोणते वाक्य खरे धरावे आणि कोणते सोडून द्यावे याचा हिशेब करीत. "खरं सांगता का माह्या मनासाठी?"

"खरे."

"हं," ती म्हणाली. तिने धरले नाही. मला शपथ घेता आली असती. शपथाही मी पुष्कळ घेतलेल्या आहेत, बहुतेक भाकरीवरून.

म्हणून घरी येताच ही वही घेतली आहे. उजव्याच डोळ्याने लिहीत आहे, डावा झाकून. रेघा दिसत नाहीत, अक्षरे मोठी काढतो.

डोळा माझ्या चुकीने अधू झाला. मला सांगायचे होते, मी सांगितले नाही. कुंताने मला जपले. तिची चूक नाही.
भोजराज

तिला हाक मारली. तिने चष्मा लावला, वही खिडकीशी नेली, ओठ हलवीत दोनदा वाचले. मग वही माझ्यापुढे ठेवली आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली,

"ओळ लय तिरपी गेली जी. पन समजलं."